चौदाव्या होलचे सात

यारापिनच्या गोल्फ क्लबात हरलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. ही आमची रीत आहे, आणि मला विचाराल तर भलतीच दुष्ट रीत आहे. चांगलं खेळलेल्याला लोक छेडतात, पाठीत गुद्दे घालतात, त्याच्या पैशाने बिअर पितात. वाईट खेळलेल्याच्या हातात मात्र गुपचूप खाण्याची बशी देतात. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी नोलीन ट्रेझीजच्या हातात पाच जणींनी पाच बश्या दिल्या, तेव्हा तिला कळलं की आज आपली किती वाट लागली आहे.

"अंड्याचं सँडविच घे गं नोलीन."

"सॉसेज रोल गरम आहेत अजून. घे, घे."

"लॅमिंग्टन केक उचल बाई, बाप्ये आत आले की एक उरायचा नाही."

नोलीनने सगळं घेतलं. खाल्लंसुद्धा. चव कशाचीच लागली नाही, पण तोंड हलत राहिलं की बोलावं लागत नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नोलीन म्हणजे आमच्या गावची बायकांमधली अकरा वेळची चॅम्पियन. वय एकसष्ट. नवरा आयव्हर गहू पिकवतो, मेंढ्या राखतो, आणि ती सव्वीस वर्षं शाळेची बस चालवते. क्लबाच्या भिंतीवर विजेत्यांचा लाकडी बोर्ड आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव इतक्या ओळी लागलंय, की पर्थहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं होतं, "ट्रेझीज म्हणजे जाहिरात दिलेले ट्रॅक्टरवाले का?" जिंकायची आपल्याला मुळीच हाव नाही, असं ती सांगते. बाई गं, हाव नसलेली माणसं दर मंगळवारी एकटी जाऊन शंभर चेंडू मारत नाहीत, एवढंच मी म्हणते.

आमची चॅम्पियनशिप दोन शनिवारांची. दोन्ही दिवसांचे फटके एकत्र मोजायचे, ज्याचे कमी तो जिंकला. पहिल्या शनिवारी नोलीनचे शहाऐंशी झाले. दुसऱ्या नंबरावर ग्वेंडा हॉस्किन, तिचे पंचाण्णव. नऊ फटक्यांचं अंतर! आमची लेडीज कॅप्टन रोमा पेड्रिक म्हणालीसुद्धा, "चला, कपावर नाव कोरणाऱ्याला आत्ताच फोन करून टाकते, नाहीतरी त्याला स्पेलिंग पाठ आहे." सगळ्या हसल्या. ग्वेंडा सगळ्यांत जोरात हसली.

ग्वेंडाचं असं, की ती चौऱ्याहत्तर वर्षांची. पोस्टाच्या काउंटरमागे जन्म गेला. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी बनबरीला असते. क्लबात एकेचाळीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत दोनदा सोडतीत मेंढीची तंगडी लागली, बाकी काही म्हणजे काही जिंकलेलं नाही. फायनलच्या दिवशी इतर जणी टाळ्या वाजवत असायच्या तेव्हा ही आत मोरीशी कप विसळत असायची. दुसऱ्या नंबरावर आली हीच तिच्यासाठी दिवाळी.

दुसऱ्या शनिवारी या दोघींची जोडी शेवटची निघाली. पहिल्याच फटक्याला नोलीनचा चेंडू वीस पावलं गेला आणि लाल खडीत बसला. "होतं गं असं," ग्वेंडा म्हणाली. दुसऱ्या होलला झाडीत. तिसऱ्याला पुन्हा झाडीत, त्याच झाडीच्या दुसऱ्या बाजूने. चौथ्या होलचा चेंडू कावळ्याने उचलून नेला. आमच्याकडचे कावळे तेवढे निर्लज्ज आहेतच, आणि नियमाने दुसरा चेंडू ठेवायला मिळतो, त्याचा दंड नाही. पण दुसरा चेंडू ठेवून तिने चार पट, म्हणजे होलात ढकलायचे फटके, घातले. चार! हातभर अंतरावरून!

होलभोवतीच्या जागेला ग्रीन म्हणायचं, पण आमच्याकडे असते ती काळी. इथे गवताला पाणी कुठून आणणार? म्हणून तेल घातलेली वाळू. आपल्या चेंडूपासून होलपर्यंत लाकडी फळीने एकदा वाळू ओढून वाट सपाट करायची आणि मग त्या वाटेवरून चेंडू ढकलायचा. खेळून झालं की शेवटच्याने सगळी ग्रीन गोल गोल ओढून मागच्या लोकांसाठी साफ करायची. नोलीनच्या हातची वाट म्हणजे इस्त्री केल्यासारखी, अशी आमच्याकडे ख्याती. त्या दिवशीही वाट सरळच होती. चेंडूच त्या वाटेने जायला तयार नव्हता.

नववा होल संपला तेव्हा नोलीनचे बावन्न झाले होते आणि ग्वेंडाचे बेचाळीस. नऊचं अंतर गेलं आणि वर एक फटका ग्वेंडा पुढे.

माणूस म्हणेल, तिला राग आला असेल. राग आला असता तर बरंच होतं. निलगिरीच्या बुंध्यावर काठी आपटून मोकळी झाली असती; आमच्या पुरुषांत तर त्यासाठी एक ठरलेलं झाडच आहे. रडू आलं असतं तरी चाललं असतं. तिला काहीच वाटेना. आतून कुणीतरी दिवा मालवून गेल्यासारखं झालं. हात हलत होते, पाय चालत होते, तोंड "छान गं, मस्त गं" म्हणत होतं, आणि या सगळ्यात ती स्वतः कुठेच नव्हती. दहाव्यापासून तर तिला स्वतःचे फटकेही आठवेनात. "मी किती?" असं ती ग्वेंडाला विचारायची. ग्वेंडा सांगायची. गोल्फमध्ये एकीच्या फटक्यांचं कार्ड दुसरीने लिहायचं असतं, म्हणून बरं.

संध्याकाळी चारला खेळ संपला. नोलीन अठ्ठ्याण्णव. ग्वेंडाच्या कार्डावर त्र्याऐंशी.

क्लबाच्या दाराशी टेबल मांडून रोमा बसली होती. रोमाच्या गाडीत डॅशबोर्डवर नियमांचं पुस्तक असतं, इतर बायकांच्या गाडीत पाण्याची बाटली असते तसं. नोलीनने ग्वेंडाच्या कार्डावर सही केली आणि कार्ड तिच्यापुढे सरकवलं.

"तपासून सही कर हं ग्वेंडा," रोमा म्हणाली.

"चष्मा गाडीत राहिला गं. नोलीनने लिहिलंय ना? मग झालं. ही बाई बँकेपेक्षा पक्की आहे." आणि ग्वेंडाने सही ठोकली.

रोमाने बेरीज केली, पुन्हा केली, आणि दारातूनच ओरडली, "ग्वेंडा हॉस्किन! एकशे अठ्ठ्याहत्तर! नोलीन एकशे चौऱ्याऐंशी!" एवढा गलका झाला की छपरावरचे गुलाबी काकाकुवे उडाले. कुणीतरी म्हणालं, "कानामागून आली आणि तिखट झाली की गं!" तर ग्वेंडा म्हणाली, "एकेचाळीस वर्षं कानामागे होते, तिखट होणार नाही तर काय?" तिला भाषण करायला लावलं. भाषण तिने कधी केलेलंच नव्हतं. "स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. सगळ्याच रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

नोलीनने टाळ्या वाजवल्या. तिच्या टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ चालल्या, कारण थांबायचं कधी ते तिच्या लक्षात आलं नाही.

घरी आयव्हर व्हरांड्यात बूट काढत होता. "कशी झाली?"

"वाईट."

"किती वाईट?"

"अठ्ठ्याण्णव."

आयव्हरने एक बूट हातात धरून थोडा विचार केला. "गोठ्यामागचं कुंपण मोडलंय," तो म्हणाला. त्याच्यापरीने ते सांत्वन होतं. रविवारी दोघांनी दिवसभर कुंपण नीट केलं. तारा ताणताना नोलीनच्या बोटाला कापलं, रक्त आलं, तर ती त्या बोटाकडे दुसऱ्याच कुणाचं बोट असावं तसं बघत राहिली. आयव्हरनेच रुमाल गुंडाळला.

सोमवारी सकाळी पोरांना शाळेत उतरवून ती रिकामी बस घेऊन परत निघाली. आता गोल्फ खेळणाऱ्या माणसाची एक वाईट खोड असते. खेळ संपला तरी संपत नाही. आंघोळीला गेला तरी पहिल्या होलपासून पुन्हा खेळायला लागतो: इथे जरा उजवीकडे मारला असता तर, तिथे घाई केली नसती तर. नोलीनने दोन दिवस ते केलं नव्हतं. त्या रिकाम्या बसमध्ये, दोन्हीकडे कॅनोलाची शेतं मोहरीसारखी पिवळी फुललेली, रस्ता सरळसोट, तेव्हा ती पहिल्यांदा मनाशी मोजायला बसली. नेमकं कुठे बिघडलं एवढं कळलं असतं तरी तिला पुरे होतं.

मोजता मोजता ती चौदाव्यावर आली. चौदाव्याला तिचे स्वतःचे आठ. झुडपात गेलेला चेंडू शोधत ती बराच वेळ बाजूलाच होती. तिकडून ग्वेंडाचा आवाज आला होता, "चौथ्यात पोचले बाई एकदाची ग्रीनवर!" नोलीन आली तोवर ग्वेंडाचं खेळून झालं होतं. मग नोलीनने आपले पट घातले, आणि शेवटची म्हणून फळी घेऊन ग्रीन ओढली.

ओढताना तिला वाळूवर ग्वेंडाच्या चेंडूच्या रेघा दिसल्या होत्या. एक लांब, होलच्या पुढे गेलेली. एक आखूड, परत मागे आलेली पण न पोचलेली. आणि एक वीतभर, होलात उतरणारी. तीन रेघा. डोळ्यांनी पाहिल्या आणि हातांनी पुसल्या.

चार आणि तीन सात. कार्डावर तिने लिहिले होते सहा. ग्रीनवर पोचल्यावर दोन पट माणूस धरूनच चालतो, तसे तिने धरले. एरवी ग्वेंडा सांगेल तो आकडा ती लिहायची, इथे विचारलंसुद्धा नाही.

नोलीनने बस रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

हे गोल्फ न खेळणाऱ्याला सांगितलं तर तो हसेल. एक फटका कमी लिहिला, त्यात काय मोठंसं? सात धरले तरी ग्वेंडाचे एकशे एकोणऐंशी, म्हणजे ती पाचने जिंकलेलीच. कुणाचं काही गेलं नाही. पण आमच्या खेळात कार्ड दुसऱ्याने लिहिलं तरी सही ज्याची त्याची असते. झाले त्याहून एक जरी फटका कमी लिहिलेल्या कार्डावर सही केली की माणूस बाद. सहाने जिंकलेला असो की साठने. आणि ग्वेंडा बाद म्हणजे कप कुणाला? दुसऱ्या नंबराला. आयुष्यातला सगळ्यांत वाईट खेळ खेळलेल्या नोलीन ट्रेझीजला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथे कर्म एकीचं आणि जाणार होतं दुसरीचं.

रात्री जेवताना तिने आयव्हरला सांगितलं. आयव्हरने मटणाचा तुकडा कापला, चावला, गिळला, आणि मग बोलला.

"कुणी पाहिलंय?"

"मी."

"आणखी कुणी?"

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस. अकरा वेळा नाव लागलंय तुझं. एकदा लागू दे त्या म्हातारीचं."

"लागू दे ना. मला कुठे नकोय?"

"मग बोलू नकोस. बोललीस तर गाव काय म्हणेल माहितेय? नोलीनला पचलं नाही म्हणेल. हरली आणि आता रेघा मोजतेय म्हणेल."

"म्हणेल."

"मग?"

तो म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं. मंगळवारी ती शंभर चेंडू मारायला गेली नाही. बुधवारी दुकानात रोमा भेटली. बोर्डवाला रंगारी पुढच्या शुक्रवारी येतोय, म्हणाली, आणि कपाचं कोरीवकाम शनिवारपर्यंत. नोलीन म्हणाली, "छान." पाव घेतला, दूध विसरली. गाडीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला लाज वाटत नाहीये, भीती वाटत नाहीये, ग्वेंडाची कीवही येत नाहीये. नुसती ती तिसरी रेघ दिसतेय, वीतभर. शनिवारी हरल्याचं दुःख व्हायला हवं होतं, ते झालं नाही. आता हेही व्हायला हवं होतं, तेही होत नव्हतं. हे असंच राहिलं तर? या विचाराने मात्र ती जराशी घाबरली.

गुरुवारी पोरांना शाळेत सोडून ती सरळ ग्वेंडाच्या घरी गेली. बस घेऊनच गेली. एवढी मोठी बस त्या अरुंद गल्लीत उभी राहिली तेव्हा शेजारचं कुत्रं वेडंपिसं झालं.

"अगं ये, ये!" ग्वेंडाच्या हाताला पीठ होतं. "शनिवारी लेक येतेय. जावई येतोय. कप बघायला! मी म्हटलं, अगं एवढं काय त्यात, तर म्हणते, आई, मी तुझ्यासाठी दोनशे किलोमीटर येऊ नको का? बस. केक आहे कालचा."

नोलीन बसली. केकचा तुकडा पुढ्यात आला. चहा आला. ग्वेंडा बोलतच होती: पोस्टातली जुनी माणसं फोन करतायत, धर्मगुरूने रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं, आणि मेलं इतकं नाव झालं की कोपऱ्यावरच्या पेट्रोलवाल्याने गाडीची काच फुकट पुसून दिली.

"ग्वेंडा, चौदाव्याला तुझे सात होते," नोलीन म्हणाली.

"कुठल्या?"

"चौदाव्या होलला. चार ग्रीनपर्यंत आणि तीन पट. मी सहा लिहिले."

ग्वेंडा हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत राहिली. मग खुर्चीवर बसली आणि डोळे मिटून मनाशी मोजलं. नोलीनला तिचे ओठ हलताना दिसले.

"सात," ग्वेंडा म्हणाली. "पहिला पट जोरात गेला. हो. सातच."

"चूक माझी आहे. मी बघितलं नाही, विचारलं नाही."

"सही माझी आहे," ग्वेंडा म्हणाली.

"कुणाला कळणार नाही. तू म्हणालीस तर मी इथून उठून जाते आणि पुन्हा तोंडातून शब्द काढत नाही. आयव्हरसुद्धा काढणार नाही."

"मग सांगायला कशाला आलीस?"

ग्वेंडाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि नंतर उठून भिंतीवरचा फोन उचलला. चष्मा लावून नंबर फिरवला.

"रोमा? ग्वेंडा बोलतेय. अगं, माझं कार्ड चुकलंय. चौदावा. सहा लिहिलेत, ते सात हवेत... नाही, नोलीनच्या नावाने बोटं मोडू नकोस, सही करताना मी वाचलं नाही... हो. हो गं. काय होतं ते माहितेय मला, एकेचाळीस वर्षं खेळतेय... नाही, समितीबिमिती बसवू नकोस. नियम आहे तो आहे. रंगाऱ्याला तेवढं कळव." मग जरा थांबून, "आणि हे बघ, शनिवारचे कप मीच विसळणार आहे. कुणी मध्ये यायचं नाही."

ती परत येऊन बसली. "झालं," म्हणाली. "अभिनंदन. बारावी वेळ."

"नको गं असं बोलू."

"असं नको तर कसं बोलू? तुझं आहे ते आता. मला हे सात आणून दिलेस, तसा तुला कप घ्यावाही लागेल. लेकीला काय सांगायचं ते मी बघते." तिने आपल्या कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा साखर घातली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा मात्र मघापेक्षा बारीक झाला होता.

बाहेर ते कुत्रं बसवर भुंकत होतं.

"नोलीन, एक विचारू?"

"विचार."

"शनिवारपासून विचारीन म्हणतेय, पण तू नाराज होतीस म्हणून म्हटलं, राहू दे." ग्वेंडाचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला. "सोळाव्याला मी त्या झाडाखाली अडकले होते बघ. फांद्या अशा खाली. समोरून ऊन थेट डोळ्यांत. मी मारला आणि मला नुसता आवाज आला, इतका गोड आवाज माझ्या काठीतून जन्मात आला नव्हता. पण चेंडू मला दिसलाच नाही गं. पुढे जाऊन बघते तर होलपासून हातभर! तो गेला कसा? फांद्यांच्या खालून गेला की वरून? तू उभी होतीस ना तिथेच?"

नोलीन तिथेच उभी होती. दहा पावलांवर. तिने आठवून पाहिलं, मनापासून आठवून पाहिलं. तिला स्वतःचे बूट आठवले. बुटांच्या नाडीत अडकलेली काळी वाळू आठवली. पुढे काही नाही.

खालून गेला म्हणाली असती तर काय बिघडणार होतं? ग्वेंडा खूश झाली असती. जिभेवर आलंही होतं.

"मी नाही पाहिला," नोलीन म्हणाली.

"म्हणजे? तिथे नव्हतीस?"

"होते. बघत नव्हते. तुझा एकही फटका मी बघितला नाही ग्वेंडा. दिवसभर नुसती स्वतःचंच दुःख कवटाळून फिरत होते."

ग्वेंडाने मान हलवली. तिला राग आला नव्हता. आला असता तर नोलीनने तो सोसला असता.

"मग कुणीच नाही पाहिला," ग्वेंडा म्हणाली.

तेव्हा नोलीनला रडू फुटलं. कार्डासाठी नाही, कपासाठी नाही. शनिवारपासून जे साचलं होतं ते सगळं एकदम आलं, आवाज करत, नाक गळत, केकवर. ती रडली आणि तिला कळलं की आपण रडतोय, आपणच, दुसरं कुणी नाही.

"अगं ए! नाव माझं गेलं आणि रडतेस तू?" ग्वेंडाने भांडी पुसायचं फडकं तिच्यापुढे टाकलं. "पूस ते. आणि बस अशी समोर. मी पहिल्यापासून सांगते. सगळेच्या सगळे. मध्ये स्वतःचं काही बोलायचं नाही, समजलं?"

नोलीनने मान हलवली.

ग्वेंडाने पहिला होल सांगितला. मग दुसरा. तिला प्रत्येक फटका ठाऊक होता, कुठली काठी, वारा कुठून, चेंडू कुठे टेकला. टेबलावरच्या पिठात ती बोटाने दाखवत होती. कावळ्याचा होल आला तेव्हा दोघी हसल्या. नववा झाला, दहावा झाला. चहा गार झाला तो तसाच राहिला. चौदाव्याला ग्वेंडा थांबली आणि म्हणाली, "सात." नोलीनही म्हणाली, "सात." पंधराव्याला लांबचा पट पडला होता, तोही नोलीनला ठाऊक नव्हता.

"मग सोळावा," ग्वेंडा म्हणाली. "झाडाखाली चेंडू. मी सात नंबरची काठी घेतली. वाकले. ऊन असं समोर. आणि मारला."

ती थांबली. पिठावर टेकवलेलं बोट तिथेच राहिलं. पुढचं तिला माहीत नव्हतं आणि नोलीनलाही माहीत नव्हतं. दोघी त्या बोटाकडे बघत बसल्या. मग ग्वेंडाने हात उचलला आणि सतराव्यापासून पुढे सांगायला लागली.